तिन्ही शिफ्टचा ऑपरेटर

आमच्या नगर जिल्ह्यात मुलगा ‘ऑपरेटर’ आहे म्हटलं, की मुलीचा बाप पुढचं फारसं विचारत नाही. जिकडे जाल तिकडे साखर कारखान्याची चिमणी दिसते, आणि कारखान्यातला ऑपरेटर म्हणजे परमनंट माणूस. त्याला क्वार्टर असते, शिफ्ट असते, सवलतीची साखर असते. माझं लग्न जमवणाऱ्या बाजीराव मामांनी नेवाशाजवळच्या एका घरी जाऊन एवढंच सांगितलं होतं, “पोरगं शेवगावला ऑपरेटर हाय. परमनंट.” यात एक अक्षरही खोटं नव्हतं. मी शेवगावला होतो, ऑपरेटर होतो आणि परमनंटही होतो. फक्त टॉकीजमध्ये होतो.

टॉकीजचं नाव लिहीत नाही, कारण गावातही ते कुणी घेत नाही. दुसरी टॉकीज चालू असती तर नावाची गरज पडली असती.

तर साखरपुड्याला आम्ही पंचवीसेक माणसं टेम्पोतून गेलो. मुलीच्या वडिलांना सगळे आप्पा म्हणत. ते कारखान्यात मिल फिटर होते. अवाढव्य रोलरच्या गोंगाटात उभं राहून कुठलं बेरिंग दुखतंय ते नुसत्या कानाने सांगणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. साखरपुड्याची साखर अर्थातच त्यांच्याच कारखान्याची. ती वाटून झाली, चहा आला, आणि आप्पांनी होणाऱ्या जावयाची चौकशी सुरू केली.

“कंची शिफ्ट असती, पाव्हणं?”

“तिन्ही,” मी म्हणालो. बारा, तीन आणि सहा.

आप्पांनी भावकीकडे कौतुकाने पाहिलं. “तिन्ही शिफ्टा! पोरगं कष्टाळू हाय. आन मशीन किती?”

“दोन. एक संपायच्या आत दुसरी चालू करायची. मधे सेकंद जरी गेला तरी खाली दंगा होतो.”

“व्हनारच की. आमच्याकडं बी मिल थांबली का गाडीवाले बोंबलत्यात. गरमी लई असंल?”

“खूप. सारख्या कांड्या जळत असतात ना.”

आप्पांच्या कपाळाला बारीक आठी पडली. “कांड्या जळू द्यायच्या न्हाईत, पाव्हणं. जळका ऊस आला का साखरेचा उतारा पडतो.”

मी कार्बनच्या कांड्यांबद्दल बोलत होतो. ते उसाच्या. पण नव्या सासऱ्याला पहिल्याच भेटीत दुरुस्त कसं करायचं, म्हणून मी “होय, होय” म्हणालो. आजही मला वाटतं, तिथेच थांबलो असतो तर निदान लग्नापर्यंत निभावलं असतं.

“आन सीझन कवा धरतो तुमचा?”

“दिवाळीला जोरात असतो. मग जरा थंड. पुन्हा एप्रिल-मेमध्ये, शाळांना सुट्ट्या लागल्या की.”

आप्पांची कपबशी हवेतच राहिली. “शाळेच्या सुट्टीत कंच्या कारखान्याचं गाळप असतं?”

“कारखाना?” मी म्हणालो. “मी टॉकीजला आहे.”

बाजीराव मामा ‘टेम्पोची हवा बघून येतो’ म्हणून उठले ते जेवायलाच परत आले.

“शिनेमा?” आप्पा म्हणाले. “म्हंजी अंधारात बसून दुसऱ्याची चित्रं दावायची? ह्ये काम व्हय?”

उत्तर आलं आतल्या खोलीतून. सुमन, म्हणजे माझी होणारी बायको, दारात येऊन उभी राहिली आणि सगळ्यांसमक्ष म्हणाली, “आप्पा, साखर वाटून झाली. आता कुनाकुनाच्या तोंडातनं माघारी काढताय?”

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कपबशी खाली ठेवली. “सबूद दिला त्यो दिला. पोरगी तुमची. पन तुमच्या टॉकीजची पायरी मी चढनार न्हाई. जे मला काम दिसत न्हाई त्ये बघाया मी येनार न्हाई.”

हा शब्दही त्यांनी तितक्याच चोखपणे पाळला.

माझे साडू, म्हणजे सुमनच्या थोरल्या बहिणीचे यजमान, खरोखरीच कारखान्यात. दर दिवाळीला आम्ही दोन्ही जावई नेवाशाकडे जायचो. ओट्यावर आप्पांच्या उजव्या बाजूला साडू, डाव्या बाजूला मी. उजवीकडे तोंड करून आप्पा गिअरबॉक्स, शाफ्ट आणि बॉयलर यांच्याविषयी दोन-दोन तास बोलायचे. मग डावीकडे वळून मला विचारायचे, “पाव्हणं, चा घेतला का?” मी म्हणायचो, “घेतला.” पुन्हा उजवीकडे. सत्तावीस दिवाळ्यांत त्यांनी मला चहाशिवाय काही विचारलं नाही. मी चहा किती पितो याची त्यांच्याइतकी माहिती माझ्या बायकोलासुद्धा नसेल.

मला याचं फारसं काही वाटायचं नाही. मी मुळातच निगरगट्ट. लागायचं ते सुमनला. निघताना ती दरवर्षी म्हणायची, “आप्पा, एकदा या नुसतं. सिनेमा नका बघू. ह्ये काय करत्यात त्ये बघा.” आप्पा म्हणायचे, “बघू.” आणि मग शेवगाव येईपर्यंत एसटीत ती खिडकीबाहेर बघत बसायची. मी एकदा गंमतीने म्हणालो, “जाऊ दे गं, चहा तरी विचारतात.” त्यावर ती जे म्हणाली ते या अंकाच्या संपादकांना चालणार नाही.

खरं सांगायचं तर आप्पांनी तेव्हा यायला हवं होतं. तेव्हा बघण्यासारखं काम होतं.

टॉकीजची कॅबिन म्हणजे मागच्या भिंतीला टांगलेली कोंदट खोली. लोखंडी जिन्याने वर चढायचं. आत दोन प्रोजेक्टर, दोन म्हशींसारखे शेजारी शेजारी. त्यांच्या पोटात दिवा नसायचा, तर कार्बनच्या दोन कांड्या असायच्या, पेन्सिलीसारख्या, समोरासमोर तोंड करून. त्या एकमेकींना टेकवायच्या आणि जरा लांब करायच्या, की मधल्या फटीत असा काही उजेड पेटायचा की काळ्या काचेतूनच बघावा. पण कांड्या जळून झिजायच्या, फट वाढायची. म्हणून दर थोड्या वेळाने मूठ फिरवून त्या पुढे सरकवायच्या. विसरलात की पडदा आधी पिवळा, मग लाल, मग काळा. मी नवीन लग्न झाल्यावर बऱ्याचदा विसरायचो. हिरॉईन एवढी कावीळ झाल्यासारखी का दिसते, असं टॉकीजच्या मालकांनी, शेठनी, एकदा मला बोलावून विचारलं होतं.

एक रीळ वीसेक मिनिटांचं. ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकतो. प्रेक्षकाला तो दिसत नाही, कारण तो हिरॉईनकडे बघत असतो. ऑपरेटरने हिरॉईनकडे बघायचं नसतं, ठिपक्याकडे बघायचं असतं. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर चालू, दुसऱ्या ठिपक्याला हिची झडप बंद आणि तिची उघडी. जमलं तर कुणाला काही कळत नाही. मी शेकडो सिनेमे असे बघितले आहेत, फक्त उजवा कोपरा.

आणि एक गुपित सांगतो. फिल्म सरळ पळत नाही. ती एका सेकंदात चोवीस वेळा थांबते आणि चोवीस वेळा सरकते, आणि ती सरकत असताना मशीन झडप लावून उजेड अडवते, नाहीतर चित्र पुसट दिसेल. म्हणजे जवळजवळ निम्मा वेळ पडद्यावर अंधारच असतो. तीन तासांच्या सिनेमात दीड तास अंधार. आप्पांचं ‘अंधारात बसून’ हे अगदीच चुकीचं नव्हतं. फक्त प्रेक्षकही तेच करत होता, हे त्यांना माहीत नव्हतं.

नेवाशाची टॉकीज आणि आम्ही, दोघांत मिळून एकच प्रिंट यायची. त्यांचं एक रीळ संपलं की पत्र्याच्या डब्यातून मोटारसायकलवर आमच्याकडे. एकदा वाटेत गाडी पंक्चर झाली आणि आठवं रीळ यायच्या आत, दुसऱ्या गाडीवरचं नववं आलं. खाली लोक शिट्ट्या मारत होते. मी नववं लावलं. त्यात हिरोचं लग्न झालं. तेवढ्यात आठवं आलं, ते लावलं. त्यात हिरो दवाखान्यात बेशुद्ध पडलेला. मी घाबरून झरोक्यातून खाली बघितलं. कुणीही ओरडत नव्हतं. शो सुटल्यावर एक गृहस्थ दुसऱ्याला म्हणाले, “बराबर दावलंय. लग्नानंतर असंच व्हतं.”

तर हे सगळं आप्पांनी पाहिलं नाही. आणि मग डबा आला.

डबा म्हणजे डिजिटल प्रोजेक्टर. दहा-बारा वर्षं झाली. इंजिनिअर आला, त्याने एक पांढरा डबा बसवला, शेजारी कॉम्प्युटर ठेवला. मी विचारलं, “मी काय करायचं?” तो म्हणाला, “काही नाही काका. सकाळी शोची वेळ टाकायची. तो आपोआप चालू होतो, आपोआप बंद होतो.” सिनेमा आता रिळात येत नाही, कॉम्प्युटरमध्ये उतरतो, आणि तो उघडायला कंपनीकडून इंटरनेटवर एक परवाना येतो. त्याला आम्ही ‘चावी’ म्हणतो. एकदा ती वेळेवर आली नाही म्हणून शेठनी माईकवरून जाहीर केलं, “थोडं थांबा, चावी आलेली नाही.” पाच मिनिटांत समोरच्या टायरवाल्याने टायर काढायची लोखंडी टॉमी आणून दिली. म्हणाला, “कुलूप कुठंय दावा.”

पण एरवी कामच नाही. पहिल्या दिवशी मी डबा पुसला. मध्यंतरानंतर पुन्हा पुसला. मग जुन्या दोन मशीन पुसल्या. त्या अजून तिथेच आहेत, कारण भंगारवाल्याला त्या जिन्यावरून उतरवता आल्या नाहीत. घरी गेल्यावर सुमनने विचारलं, “कसं होतं?” मी म्हणालो, “सासऱ्यांचं म्हणणं शेवटी खरं झालं.”

गेल्या वर्षी आप्पांच्या दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढला. वय अठ्ठ्याहत्तर. पट्टी सुटली तेव्हा आम्ही सगळे गेलो होतो. आप्पांनी सुमनकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, “किती वाळलीस गं.” सुमन वाळली आहे असं जगात दुसऱ्या कुणाचं मत नाही. मग माझ्याकडे वळले. “पाव्हणं, तुमचं तर समदं क्यास पिकलं की वो. आमाला कुनी सांगितलंच न्हाई.”

आणि चहाचं विचारायच्या ऐवजी म्हणाले, “आता डोळं नवं हायेत. हायेत तवर बघून घेतो. येत्या बाजाराला येतो तुमचं काम बघाया.”

सुमनने पदर डोळ्याला लावला.

“अगं, काम आहे कुठे आता?” घरी आल्यावर मी म्हणालो. “एक माऊस आहे.”

“मग माऊस दाखवा.”

“एका बोटाने? मिल फिटरला? सत्तावीस वर्षांनी?”

सुमन भाजी निवडत बसली, पण चांगली पानं टाकत होती आणि देठ ठेवत होती. तेव्हा मी ठरवलं, आप्पांना काम दिसलंच पाहिजे. नसलं तर बनवायचं.

जुनी डावी मशीन मी दोन दिवस खपून चालू केली. फक्त मोटर, उजेड नाही. कपाटात जुन्या जाहिरातींचं एक रीळ पडलं होतं, दंतमंजन, बियाणं, गावातलं कापड दुकान. ते चढवलं. मशीन टर्रर्र करून फिरायला लागली. आवाज असा की कुणालाही वाटावं, सगळा सिनेमा हिच्यातूनच जातोय. डबा कोपऱ्यात होता, त्याच्यावर सतरंजी अशी टाकली की फक्त भिंग बाहेर राहील. हवा जायचा मागचा पाईप मोकळा ठेवला. तेवढी अक्कल मला होती. बाजाराच्या दिवशी सकाळी मी जुना खाकी शर्ट काढला.

“हा कशाला?” सुमन म्हणाली. “दहा वर्षं घातला न्हाई तुमी.”

“काम करणारा माणूस वाटायला नको का?”

“त्यासाठी काम करावं लागतं,” ती म्हणाली. पण शर्टाचं बटण तुटलं होतं ते तिनेच लावून दिलं.

तीनच्या शोला आप्पा आले. धोतर, पांढरा सदरा, नवा चष्मा. शेठनी त्यांना बाल्कनीतली खुर्ची देऊ केली. “मी शिनेमा बघाया न्हाई आलो,” आप्पा म्हणाले, “काम बघाया आलोय,” आणि कठड्याला हात न लावता लोखंडी जिना चढून वर आले. सुमन खाली मागून चौथ्या रांगेत बसली. बाजाराचा दिवस असल्यामुळे हॉल बऱ्यापैकी भरला होता.

मी आप्पांना स्टूल दिलं आणि नाटक सुरू केलं. तेलाचा डबा घेतला, इथे थेंब सोड, तिथे थेंब सोड. टॉर्च मारून आत बघितलं. कशालाही न जोडलेलं एक बटण गंभीरपणे फिरवलं. आप्पांकडे पाठ करून माऊस दाबला, आणि लगेच वळून जुन्या मशीनची मोटर चालू केली. पडद्यावर सिनेमा उजळला. मशीन टर्रर्र. मी कपाळाचा घाम पुसला. तो मात्र खरा होता.

आप्पा बघत नव्हते. ते ऐकत होते. मान जराशी कलती, डोळे मिटलेले. नव्या डोळ्यांचा काही उपयोगच करत नव्हते.

पाचेक मिनिटांनी म्हणाले, “पाव्हणं, ही मशीन मोकळी पळती.”

“म्हणजे?”

“लोडवरची मशीन अशी बोलत न्हाई. हिला काम न्हाई.”

“जुनी आहे आप्पा. सवयीने हलकी चालते.”

ते ‘हं’ म्हणाले. मी पुन्हा तेल सोडलं. आणखी थोड्या वेळाने माझं जाहिरातींचं रीळ संपलं. त्याचं शेपूट चाकावर फट्-फट्-फट् आपटायला लागलं. पडद्यावर सिनेमातली आई मुलाला जाब विचारत होती, ती विचारतच राहिली.

“रीळ सरलं,” आप्पा म्हणाले. “बाई अजून बोलतीया.”

“ती... ती फार बोलते,” मी म्हणालो.

आप्पा उठले. पडद्याकडे जाणाऱ्या उजेडाचा झोत त्यांनी बोटाने मागे मागे शोधत नेला आणि सतरंजी उचलली. डबा शांतपणे लुकलुकत होता.

“ह्ये कोन?”

“तोच दाखवतो, आप्पा.”

“आन तुमी?”

“मी त्याच्याकडे लक्ष ठेवतो,” मी म्हणालो.

आप्पा परत स्टुलावर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, म्हातारी माणसं एसटीची वाट बघत बसतात तसे. मी जुनी मशीन बंद केली. खाली चौथ्या रांगेत सुमनचा अंबाडा दिसत होता. ती पडद्याकडे न बघता सारखी मागे वळून झरोक्याकडे बघत होती. तिला काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करू लागलो.

“वर कायतरी रडतंय,” आप्पा एकदम म्हणाले.

“सिनेमातली आई आहे, आप्पा.”

“आई खाली रडतीया. ह्ये वर रडतंय.”

“मागचं संगीत असेल. हल्ली तसंच असतं.”

“पाव्हणं,” ते म्हणाले, “बेचाळीस वरीस मी बेरिंगा ऐकल्यात. ह्ये बेरिंग हाय.” आणि बोट छताकडे केलं.

छतातून एक पत्र्याचं धुराडं जातं. पूर्वी कार्बनचा धूर त्यातून जायचा. आता डब्याच्या बल्बची गरम हवा जाते. ती ओढून बाहेर टाकायला वर एक पंखा आहे. तो थांबला तर डबा तापतो, आणि तापला की स्वतःचा जीव वाचवायला बल्ब आपोआप बंद करतो. हे सगळं मला माहीत होतं. गेल्या दहा वर्षांत पंख्याकडे बघायचं तेवढं राहून गेलं होतं.

मी ‘बघतो’ म्हणेपर्यंत वर कर्र्र झालं, डब्यावर लाल दिवा लागला आणि पडदा काळा पडला. आवाज चालूच. मिट्ट काळोखात आई हंबरडा फोडत होती.

मी धावत आवाज बंद केला. मग खालून सुरू झालं.

“ए ऑपरेटर! लाव की!”

“मेला का जित्ता हाय बघा रं त्याला!”

“आईला रडू तरी दे धड!”

मी शिडी लावली आणि पंख्याची लाईन बंद करून वर चढलो. झाकणाचे दोन नट काढले. बोटभर काजळी, कार्बनच्या दिवसांपासूनची, शर्टावर पडली. आप्पा खाली शिडी धरून उभे.

“हातानं फिरवा. फिरतोय?”

“अडकतोय.”

“समदीकडं का एका जागी?”

“एका जागी.”

“मंग बेरिंग गेलं न्हाई अजून. कचरा असंल. दांड्याला बघा.”

दांड्याला पारव्याचं आख्खं घरटं गुंडाळलं होतं, काटक्या, सुतळी, कुणाच्या तरी मंडपाची झिरमिळी. मी ते कात्रीने कापत होतो, नखांनी ओढत होतो. आप्पांनी खालून तेलाचा डबा दिला. “थेंब थेंब. भडाभडा नगं. फिरवा. आता ह्या बाजूनं.” दांडा हळूहळू सुटायला लागला. पण तापलेला बल्ब थंड व्हायला दहा मिनिटं द्यावीच लागतात, आणि बाजारच्या पब्लिकला दहा मिनिटं म्हणजे जन्म.

खाली बाकडी वाजायला लागली होती. कुणीतरी माझ्या आईविषयी बोललं. ते चालतं, त्याची मला सवय आहे. माझ्या खानदानाविषयी बोलले. तेही झालं. मी शिडीवरून आप्पांकडे बघायचं टाळत होतो. आणि मग पुढच्या रांगेतून एक खणखणीत आवाज आला:

“आरं, ह्याला पोरगी तरी कुन्या येड्यानं दिली रं?”

सगळा हॉल खदखदून हसला. सुमनसकट सगळा हॉल, असं मला त्या क्षणी वाटलं. ती हसली नव्हती हे नंतर कळलं.

शिडी एकदम हलली. आप्पांनी ती सोडली होती. ते झरोक्याशी गेले, मुंडकं त्यात घातलं, आणि मिलच्या गोंगाटावर चढणारा त्यांचा आवाज त्या काळोखात गेला:

“म्या दिली!”

हॉल थंड.

“कोन इचारतंय? म्या दिली! माजा जावाय हाय त्यो. वर शिडीव चढून मशीन दुरुस्त करतोय, समदा काळा झालाय. दहा मिंटं गप बसता येत न्हाई व्हय? खाली येऊ का?”

मग त्याच पुढच्या रांगेतून, पण अगदी वेगळ्या सुरात, आवाज आला, “बरं, बाबा. चालू द्या. आमाला काय घाई न्हाई.”

आप्पा परत आले आणि शिडी धरली. “हां,” ते म्हणाले, “दुसऱ्या बाजूला सोडा तेल. माझ्या टकुऱ्यावर कशाला सोडताय?”

मी तेव्हा कुठे तेल सोडत होतो ते मला दिसत नव्हतं. काजळी डोळ्यांत गेली होती, असं समजा.

पंखा फिरला. लाल दिवा विझला. मी थांबलो, मोजून थांबलो, बल्ब लावला, जिथे तुटलं होतं तिथून दोन मिनिटं मागे घेऊन सिनेमा सोडला. पडदा उजळला तेव्हा खाली टाळ्या पडल्या. आईने पुन्हा हंबरडा फोडला. या वेळी ती एकटीच रडत होती.

उरलेला सिनेमा आप्पा स्टुलावर बसून होते, पडद्याकडे पाठ आणि कान धुराड्याकडे. मध्यंतरात शेठनी वडापाव पाठवले, ते आम्ही दोघांनी खाल्ले. त्यांनी मला विचारलं, कार्बनच्या त्या कांड्या किती वेळ टिकायच्या. मी सांगितलं. मग विचारलं, फट किती ठेवायची. मी बोटांनी दाखवली. मग जुनी मशीन उघडायला लावली आणि फिल्म थांबते-सरकते ते चाक हाताने फिरवून बघितलं. चोवीस वेळा थांबते म्हटल्यावर म्हणाले, “आन एवढं करून कुनाला कळत न्हाई?” मी म्हणालो, “नाही.” ते म्हणाले, “न्हाईच कळत.” आणि पुढे बराच वेळ ते चाक उगाचच फिरवत राहिले.

शो सुटला. सुमन जिन्याखाली उभी होती. लोक जाता जाता आप्पांना नमस्कार करत होते. एकाने तर अंमळ लांबूनच केला, तोच तो पुढच्या रांगेतला असावा. सुमनने माझ्या खाकी शर्टाकडे पाहिलं. काजळी, तेल, पारव्याची पिसं. असा शर्ट तिने एरवी मला दारातच काढायला लावला असता. आज ती वडिलांच्या हाताला धरून शेवटची पायरी उतरवायला गेली, तर त्यांनी हात सोडवून घेतला.

“कसा होता, आप्पा, सिनेमा?” तिने विचारलं.

“शिनेमा बघाया सवड कुनाला?” आप्पा म्हणाले. “काम हुतं.”